खाली घेतलेल्या गाडीला बाहेरचे अलॉय लावताना टायरचे माप कसे ठरवावे

नाना पेठेत असो वा पिंपरीत, नवे अलॉय (मिश्रधातूची चाके) चढवताना गाडी जॅकवर घेतलेली असते, चाक हवेत लोंबकळत असते आणि स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली असते. त्या स्थितीत फेंडर (चाकावरचा पत्रा) आणि टायर यांच्यामध्ये हाताची मूठ सहज जाते. कारागीर स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून दाखवतो आणि "दादा, एकदम परफेक्ट बसतंय" असे सांगतो. त्या क्षणी ते खरेही असते. मात्र टायर घासतो तो या स्थितीत नव्हे. मागे तीन माणसे बसलेली आहेत, डिकीत सामान आहे आणि वळणावर गाडीचा सारा भार एका बाजूला आलेला असताना नेमका त्याच बाजूच्या चाकाखाली खड्डा किंवा गतिरोधक येतो, तेव्हा तो घासतो. खाली घेतलेल्या, म्हणजे लहान स्प्रिंगा बसवून उंची कमी केलेल्या, गाडीच्या टायरचे माप या दाबलेल्या स्थितीसाठी ठरवायचे असते, आणि पुढची सारी आकडेमोड त्यासाठीच आहे.

मी एकदा हे मोजमाप न करता माप ठरवले होते. कारखान्यातून १८५/६५ आर १५ टायर घेऊन आलेल्या माझ्या हॅचबॅकला मी ३५ मिमी खाली घेणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या आणि त्यावर १६ इंची, सात इंच रुंद, ३८ ऑफसेटची (ऑफसेट म्हणजे काय ते पुढे येते) अलॉय चाके आणि २०५/५० आर १६ टायर घेतले. पहिले दोन आठवडे मी एकटाच कोथरूड ते हिंजवडी जात होतो आणि कसलाही आवाज नव्हता. मग एका रविवारी आई, आत्या आणि दोन भावंडांना घेऊन नसरापूरच्या बनेश्वरला निघालो. जुन्या कात्रज घाटातल्या एका डाव्या वळणावर, रस्ता खालवर झालेल्या ठिकाणी, मागच्या उजव्या चाकातून जाड कापड फाटावे तसा आवाज आला. आत्या म्हणाली, "अरे, मागे काहीतरी घासतंय बघ." बनेश्वरला पोहोचून वाकून पाहिले, तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून बोटभर रुंदीचा रबराचा पट्टा सोलून निघाला होता, आणि फेंडरचा पत्रा जिथे आत दुमडलेला असतो त्या कडेवरचा रंग उडून पत्रा चकाकत होता. परतताना दोघा भावंडांना नसरापूर फाट्यावरून स्वारगेटच्या एसटीत बसवावे लागले, कारण पाच माणसांचा भार घेऊन तो घाट पुन्हा चढण्याची हिंमत माझ्यात नव्हती. चार नवे टायर आणि चार चाके यांपैकी काय चुकले होते, हे मला नंतर कागदावर वीस मिनिटांत कळले. ती वीस मिनिटे खरेदीच्या आधी द्यावीत, यासाठी हे लिहीत आहे.

टायरवरचे आकडे आणि एकूण व्यास

१८५/६५ आर १५ ८८ एच या मापात १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी असते, ६५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या उभ्या बाजूची) उंची ही रुंदीच्या ६५ टक्के आहे असा अर्थ होतो, आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे चाकाचा इंचांतला व्यास. ८८ हा भारांक आहे आणि त्याचा अर्थ एक टायर ५६० किलो भार पेलतो असा होतो. एच हे अक्षर ताशी २१० किमी वेगमर्यादेचे असते.

एकूण व्यास काढण्याचे गणित शाळकरी आहे. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी ही एका बाजूची साइडवॉल. ती वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून २४०.५. चाकाचा व्यास १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१. बेरीज ६२१.५ मिमी. हा आकडा गाडीच्या हस्तपुस्तिकेच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवावा, कारण पुढे पसंत पडणारे प्रत्येक माप याच्याशी ताडून पाहायचे आहे. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ मिमी येतो, म्हणजे मूळ मापापेक्षा जेमतेम अर्धा मिमी कमी. २०५/४५ आर १७ चा ६१६.३ येतो. मी घेतलेल्या २०५/५० आर १६ चा ६११.४, १९५/५० आर १६ चा ६०१.४ आणि २०५/५५ आर १६ चा ६३१.९ येतो. मूळ व्यासाच्या दीड टक्क्याच्या आत राहावे असे माझे मत आहे. तीन टक्क्यांपर्यंत चालते असे सर्वत्र सांगितले जाते, पण ती मर्यादा मूळ उंचीच्या गाडीसाठी ठीक आहे. खाली घेतलेल्या गाडीत तेवढी मोकळीक उरलेली नसते.

लहान व्यासाचा मोह खाली घेतलेल्या गाडीच्या मालकाला हमखास होतो, कारण लहान टायर घासत नाही. त्याची किंमत मात्र नीट समजून घ्यावी. १९५/५० आर १६ घेतला तर त्रिज्या दहा मिमीने कमी होते, म्हणजे स्प्रिंगांनी ३५ मिमी खाली आणलेली गाडी आणखी सेंटीमीटरभर खाली येते. इंजिनाचा ऑईल संप, सायलेन्सरचा पाइप आणि मागचा ॲक्सल बीम हे सारे रस्त्याच्या जवळ येतात. स्प्रिंग बदलल्याने गाडीचे अंग चाकांच्या दिशेने खाली येते, पण बीम आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) यांची जमिनीपासूनची उंची तीच राहते. टायरचा व्यास घटवला की मात्र सगळेच खाली जाते. शिवाय किलोमीटरचा काटा तीन टक्क्यांहून अधिक जास्त धावू लागतो, म्हणजे शंभर किमी दाखवेल तेव्हा प्रत्यक्षात ९७ च्या आसपास झालेले असतील. याउलट २०५/५५ आर १६ सारखा मोठा टायर घेतल्यास स्पीडोमीटरवर १०० दिसत असताना गाडीचा वेग मूळ टायरच्या तुलनेत पावणेदोन टक्क्यांनी अधिक असतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढचे चाक पूर्ण वळवल्यावर ते फेंडरच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला आणि बंपरच्या मागच्या टोकाला लागते.

साइडवॉल किती ठेवावी

पुण्यातल्या गाडीसाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. स्प्रिंग लहान केली की चाकाला वर जायला मिळणारी जागा कमी होते. समजा मूळ गाडीत बंप स्टॉपला (चाकाचा वरचा प्रवास थांबवणाऱ्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत चाक ८० मिमी वर जात असेल, तर ३५ मिमी खाली घेतल्यावर त्यातले ४५ मिमीच उरतात, आणि त्यामुळेच चांगल्या लोअरिंग स्प्रिंगा मूळ स्प्रिंगांपेक्षा कडक असतात. आता रस्त्याचा धक्का शोषणारी आणखी एक स्प्रिंग गाडीत असते आणि ती म्हणजे टायरची हवाभरली साइडवॉल. १८५/६५ आर १५ मध्ये ती १२० मिमी आहे, १९५/५५ आर १६ मध्ये १०७ आणि २०५/४५ आर १७ मध्ये ९२. सस्पेन्शनचा प्रवास आधीच निम्मा झाला असताना साइडवॉलही पाऊण पट करणे म्हणजे एकाच घरातले दोन कमावते हात एकदम काढून घेणे होय.

आपल्याकडे रस्त्यांवर डांबराचे थर चढत जातात आणि चेंबरची झाकणे मात्र जुन्याच पातळीवर राहतात. दोन-तीन बोटे खोल गेलेल्या अशा झाकणाच्या चौकटीची कड धारदार असते, आणि पावसाळ्यात ती पाण्याखाली दिसतही नाही. ताशी चाळीस वेगाने त्या कडेवर चाक आदळले की साइडवॉल रिमच्या कडेत आणि त्या चौकटीत चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. म्हणून रोज शहरात फिरणाऱ्या, ३० ते ३५ मिमी खाली घेतलेल्या हॅचबॅकसाठी मी एक इंचच मोठे चाक सुचवतो. सतरा इंच दिसायला देखणे असते हे मलाही मान्य आहे. ज्यांचा बहुतेक प्रवास द्रुतगती मार्गावर होतो आणि ज्यांनी गाडी पंचवीस मिमीच्या आतच खाली घेतली आहे, त्यांनी त्याचा विचार जरूर करावा, पण पेठांतल्या बोळांतून रोज जा-ये करणाऱ्याने करू नये.

अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची पद्धतही अधूनमधून दिसते. त्यात साइडवॉल तिरकी होते, रिमची कड टायरच्याही बाहेर येते आणि पहिला घाव थेट अलॉयवर बसतो. प्रत्येक टायरच्या मापासाठी उत्पादकाने रिमच्या रुंदीची मर्यादा दिलेली असते. १९५/५५ आर १६ साठी ती साडेपाच ते सात इंच असते, २०५/४५ आर १७ साठी साडेसहा ते साडेसात. या मर्यादेच्या मधोमध राहावे. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की तोच टायर सुमारे पाच मिमी अधिक पसरतो, हेही हिशेबात धरावे.

भारांकाबद्दल दुकानात क्वचितच कोणी विचारते. २०५/४५ आर १७ हा टायर ८४ भारांकाचाही मिळतो आणि ८८ एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भाराचा) असाही मिळतो. ८४ म्हणजे ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. मूळ टायर ८८ चा असेल तर पहिला घेऊ नये. एक्सएल टायर आपला पूर्ण भार जास्त हवेच्या दाबावरच पेलतो, त्यामुळे त्यात दारावरच्या स्टिकरइतकीच हवा भरून चालत नाही आणि उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे काही पौंड अधिक भरावी लागते. १९५/५५ आर १६ बहुधा ८७ चा, म्हणजे ५४५ किलोचा येतो. तो मूळ भारांकापेक्षा एका पायरीने कमी आहे, म्हणून हस्तपुस्तिकेत दिलेला ॲक्सलवरचा कमाल भार पाहावा आणि त्याच्या तुलनेत दोन टायरांची बेरीज भरपूर जास्त असल्याची खात्री करावी. मिळाल्यास याच मापाचा ९१ एक्सएल घ्यावा.

ऑफसेटचे गणित

बाहेरच्या अलॉयवर १६ गुणिले ७ जे, ईटी ३८ असे काहीतरी कोरलेले असते. ईटी म्हणजे ऑफसेट: चाकाची मध्यरेषा हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून किती मिमी आत आहे ते अंतर. हा आकडा जितका लहान, तितके चाक गाडीच्या बाहेर येते. टायरच्या रुंदीचे अर्धे करावे, त्यातून ऑफसेट वजा केला की टायर हबपासून बाहेर किती जातो ते कळते, आणि मिळवला की आत किती जातो ते कळते.

माझ्या मूळ चाकाचा ऑफसेट ४५ होता. १८५ चे अर्धे ९२.५, त्यातून ४५ गेले म्हणजे बाहेर ४७.५ मिमी, आणि मिळवले म्हणजे आत १३७.५. नव्या २०५ च्या टायरला ऑफसेट ३८ असताना बाहेर ६४.५ आणि आत १४०.५ आले. म्हणजे आतल्या बाजूला तीनच मिमी सरकलेला टायर बाहेरच्या बाजूला तब्बल १७ मिमी सरकला होता. मागच्या फेंडरच्या कडेपासून माझा मूळ टायर १८ मिमी आत होता. उरला एक मिमी, आणि बनेश्वरच्या वाटेवर फाडलेला रबराचा पट्टा हा त्या एका मिमीचा हिशेब होता. हाच टायर ऑफसेट ४५ च्या चाकावर घेतला असता तर बाहेर दहा आणि आत दहा मिमी सरकला असता, आणि मग घासण्याची भीती शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूला गेली असती. आता १९५ चा टायर ऑफसेट ४० च्या चाकावर घेऊन पाहा: बाहेर ५७.५, आत १३७.५. आतली जागा जशीच्या तशी राहिली आणि बाहेर दहाच मिमी गेले. अशा रीतीने पुढची आणि मागची, आतली आणि बाहेरची अशा चारही बाजूंचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय चाकांसाठी आगाऊ रक्कम देऊ नये.

पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, याबाबत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. ४ गुणिले ९८ आणि ४ गुणिले १००, किंवा ५ गुणिले ११२ आणि ५ गुणिले ११४.३ हे फरक नजरेला दिसत नाहीत. नट जोर लावून आवळता येतात, पण ते आपल्या बैठकीवर सरळ बसत नाहीत आणि काही दिवसांनी सैल होतात किंवा बोल्ट तुटतो. चाकाच्या मधल्या भोकाचा व्यास हबपेक्षा मोठा असेल तर नेमक्या मापाची हब रिंग बसवून घ्यावी, नाही तर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग कितीदाही केले तरी ती थरथर जात नाही. नटांच्या टोकाची बैठक शंकूसारखी आहे की गोलाकार, हेही नव्या चाकाशी जुळले पाहिजे.

ऑफसेट चुकला म्हणून स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती) लावण्याचा सल्ला मिळाला तर तो घेऊ नये. योग्य ऑफसेटचे चाक शोधण्याला पर्याय नाही.

ओळंबा, पाण्याचे जार आणि शाडू माती

मोजमापासाठी सपाट जागा लागते. सोसायटीच्या पार्किंगला बहुधा पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, म्हणून तळमजल्याच्या फरशीवर किंवा मोकळ्या मैदानाजवळच्या सिमेंटच्या पट्ट्यावर गाडी घ्यावी. उंची जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा आणि व्यास बदलला की ती बदलते. चाकाच्या केंद्रापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. माझ्या गाडीत ते मूळ स्थितीत ३७० मिमी होते आणि स्प्रिंगा बसल्यावर ३३५ झाले. टायरची त्रिज्या ३१० धरली तर वर फक्त २५ मिमी मोकळी जागा राहते. चाक त्याहून अधिक वर जाणार हे उघड आहे, म्हणजे टायर फेंडरच्या आत शिरणार, आणि तो आत शिरू शकेल का, हे ठरते ते फेंडरच्या दुमडलेल्या कडेपासून टायर किती आत आहे यावरून.

हे अंतर घेण्यासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. फेंडरच्या सर्वांत वरच्या बिंदूला चिकटपट्टीने दोरी लावून ओळंबा सोडावा, तो स्थिर होऊ द्यावा आणि दोरीपासून टायरच्या सर्वांत फुगीर भागापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. चारही चाकांपाशी मोजावे, कारण डावी आणि उजवी बाजू अनेकदा दोन-तीन मिमीने वेगळी निघते. बोटाने फेंडरच्या आतली दुमड किती रुंद आहे तेही चाचपावे, कारण टायरला कापते ती तीच.

पुढच्या आणि मागच्या चाकांचे वागणे वेगळे असते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असल्यास गाडी खाली घेतली की चाकाचा वरचा भाग थोडा आत कलतो. ३१० मिमी त्रिज्येच्या टायरला एक अंश कल मिळाला तर त्याचे वरचे टोक केंद्राच्या तुलनेत साधारण पाच मिमी आत जाते, आणि तेवढी मोकळीक मिळते. आतल्या बाजूला स्ट्रट आणि टायर हे एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर गाडी उभी असताना मोजले तरी पुरते. तिथे पाच मिमीपेक्षा कमी ठेवू नये. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचे जोड) असतील तर स्प्रिंगची खालची बैठक टायरच्या समोर येत नाही ना, हे हात घालून पाहावे. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) असतो. त्यात चाक वर गेले तरी ते आत कलत नाही, आणि प्रवासी व सामान यांचा भारही मागेच येतो. त्यामुळे एकट्याने चालवताना शांत असलेली गाडी कुटुंबासह निघाल्यावर मागून घासू लागते.

भाराची चाचणी घरी करता येते. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार प्रत्येक घरी किंवा सोसायटीत असतात. भरलेला एक जार म्हणजे सुमारे वीस किलो, म्हणून आठ जार मागच्या सीटवर आणि दोन डिकीत ठेवले की दोनशे किलो झाले. त्यानंतर केंद्रापासून फेंडरपर्यंतचे अंतर पुन्हा मोजावे.

त्यानंतरची चाचणी मला एका जुन्या कारागिराने शिकवली आणि तिच्यासाठी लागते शाडू माती. गणपतीच्या आधी दोन महिने ती पुण्यात कोठेही मिळते, एरवी मुलांची खेळण्याची माती चालते. फेंडरच्या दुमडीच्या आतल्या बाजूला आणि लायनरला जिथे टायर लागण्याची शंका आहे तिथे मातीचे साधारण दोन सेंटीमीटर जाडीचे गोळे दाबून लावावेत आणि टायरला चिकटू नयेत म्हणून त्यांवर पातळ प्लास्टिक बसवावे. भार भरलेली गाडी घेऊन परिसरातल्या गतिरोधकावरून आधी सरळ आणि मग तिरपी, चालत्या माणसाच्या वेगाने न्यावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीबोळांतले हाताने घातलेले गतिरोधक त्याहून अरुंद आणि उभट असतात, म्हणून चाचणीसाठी तेच घ्यावेत. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून फूटपाथच्या उतारावर एक चाक चढवावे. परत येऊन सुरीने मातीचा गोळा मधोमध कापावा आणि सर्वांत पातळ जागी जाडी मोजावी. तिथे आठ मिमी उरले असतील तर मी समाधानी असतो. तीन-चारच उरले असतील तर घाटातल्या वेगाला ते पुरणार नाहीत. नवी चाके उधारीवर एक दिवस लावून पाहू देणारे दुकानदार आहेत, आणि चाचणी करू देणाऱ्या दुकानदाराला चार पैसे जास्त द्यावेत असे माझे प्रामाणिक मत आहे. चाके मिळत नसतील तर मूळ चाकांवरच चाचणी करावी आणि उरलेल्या जाडीतून ऑफसेटच्या गणिताने आलेले मिमी वजा करावेत.

हे सारे करून मी शेवटी १६ गुणिले साडेसहा, ऑफसेट ४० ची चाके आणि १९५/५५ आर १६ टायर घेतले. मागच्या फेंडरच्या कडेपासून टायर आठ मिमी आत आहे, आणि सोबतच ३५ मिमीच्या स्प्रिंगा काढून २५ मिमीच्या बसवल्या.

खरेदी, कायदा आणि त्यानंतरची देखभाल

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला आहे. म्हणून आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेले माप हे सर्वांत सुरक्षित माप असते, आणि उपलब्ध असेल तर तेच निवडावे. टायर फेंडरच्या बाहेर कधीही येऊ देऊ नये. चाके आणि स्प्रिंगा बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी, कारण अपघातानंतर सर्वेक्षक सर्वांत आधी हेच पाहतो.

टायरवर आयएसआय चिन्ह असावे. निर्मितीची तारीख चार आकड्यांत असते: १८२५ म्हणजे २०२५ सालचा अठरावा आठवडा. अलॉयच्या आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए हे चाचणीचे शिक्के शोधावेत आणि एका चाकाला किती भार मान्य आहे तो आकडाही वाचावा. वेल्डिंग करून सरळ केलेली जुनी अलॉय चाके स्वस्त मिळतात, पण रंगाखाली लपलेली केसासारखी चीर नजरेला दिसत नाही, म्हणून ती घेऊ नयेत. पुढे आणि मागे एकाच व्यासाचे टायर असावेत, कारण एबीएस चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असते. स्टेपनी मूळ मापाचीच राहणार असल्याने नव्या टायरचा व्यास तिच्या जवळ ठेवण्याचे हेही एक कारण आहे, आणि तिच्यासाठी मूळ नट स्टेपनीच्या खड्ड्यात एका पिशवीत बांधून ठेवावेत. नव्या अलॉयचे नट मूळ चाकाला बसतीलच असे नाही.

नट हस्तपुस्तिकेतल्या टॉर्कनेच, क्रमाने समोरासमोर आवळून घ्यावेत आणि शंभर किमीनंतर पुन्हा तपासावेत. नव्या स्प्रिंगा बसायला थोडे दिवस लागतात, म्हणून तीन-चारशे किमी झाल्यावर व्हील अलाईनमेंट करावे आणि यंत्रावरचा ‘टो’ (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) हा आकडा छापून मागावा. खाली घेतलेल्या गाडीचे टायर कॅम्बरने (चाकाच्या आत किंवा बाहेर कलण्याने) झिजतात असा समज आहे. प्रत्यक्षात दीड अंशापर्यंतचा कॅम्बर टायर सहन करतो, त्याची नासाडी करतो तो चुकलेला टो. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. रुंद आणि बुटक्या टायरात हवा थोडी कमी असली तरी डोळ्यांना कळत नाही, म्हणून स्वतःचा गेज गाडीत असावा.

पहिल्या हजार किमीनंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या ट्रेडवरून (रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागावरून) तळहात एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला, तर टो अजून बरोबर नाही आणि गाडी पुन्हा अलाईनमेंटला न्यावी. आतल्या कडेचा ट्रेड वाकून टॉर्चच्या उजेडात पाहावा. उभ्या गाडीत तो भाग दिसत नाही, आणि कायद्याने सांगितलेली १.६ मिमीची खोली सर्वांत आधी तिथेच संपते.